तपासणी सगळ्यांची एकत्र, उपचार एकेकाचा: लहान भावंडांना दातांच्या डॉक्टरांकडे नेताना

प्रश्न असा आहे. घरात तीन मुलं: थोरली सात वर्षांची, मधला साडेचारचा, धाकटा दीड वर्षाचा. मधल्याच्या खालच्या दाढेवर काळा डाग दिसतोय. मागे एकदा त्याला दवाखान्यात नेलं तर खुर्ची बघूनच त्यानं रडून गोंधळ घातला होता. आता तिघांना एकदमच न्यावं की एकेकट्याला, आणि एकदम नेलं तर आधी कुणाला बसवावं, हे आईवडिलांना ठरवायचंय. मी लहान मुलांचीच दंतवैद्य आहे आणि दोन-तीन भावंडांच्या घरांतून हा प्रश्न सतत येतो, म्हणून सविस्तर लिहिते.

माझं उत्तर आधी सांगते. तपासणीला तिघांनाही एकत्र न्या. उपचाराची वेळ आली की एका वेळी एकच मूल न्या आणि बाकीची दोघं घरी राहू द्या. बहुतेक घरांची तारांबळ उडते ती या दोन्ही गोष्टी एकाच खेपेत उरकायच्या घाईमुळे. "आलोच आहोत तर आजच त्याची दाढ भरून टाका," असं पालक म्हणतात. तोवर तासभर झालेला असतो, धाकटा पेंगुळलेला असतो, थोरली कंटाळलेली असते आणि ज्याची दाढ भरायची तो मधला आधीच थकलेला असतो. अशा वेळी तोंडात सुई गेली तर त्या मुलाच्या मनात जी अढी बसते, ती काढायला पुढची कित्येक वर्षं जातात.

तपासणी एकत्र करायची ती फक्त तुमची खेप वाचावी म्हणून नव्हे. दात किडणं ही घराची गोष्ट असते. भावंडं एकाच वेळी खातात, एकाच डब्यातलं खातात, एकाच वेळी दात घासतात किंवा घासायचं टाळतात. किडीला कारण होणारे जंतूही लाळेतून घरातल्या घरात एकाकडून दुसऱ्याकडे जातात. त्यामुळे एका मुलाच्या दाढा किडलेल्या दिसल्या की त्याच्या भावंडांकडे मी जास्त बारकाईनं बघते. तुमच्या मधल्याच्या दाढेवरचा डाग ही धाकट्याच्या दृष्टीनंही महत्त्वाची बातमी आहे. त्याच्या दातांवर अजून काही झालं नसेल तर ते होऊ न देण्याची हीच वेळ.

"दीड वर्षाच्या बाळाला दातांच्या डॉक्टरांकडे कशाला?" असं घरातली मोठी माणसं हमखास विचारतील. पहिला दात दिसल्यापासून सहा महिन्यांच्या आत, उशिरात उशिरा पहिल्या वाढदिवसापर्यंत, बाळाचं तोंड एकदा दाखवावं अशी बालदंतवैद्यांची शिफारस आहे. म्हणजे तुमच्या धाकट्याला उशीरच झालाय. पण भरून काढण्याजोगा.

आता तयारी. वेळ ठरवायला फोन कराल तेव्हा तीन मुलं आहेत, त्यांची वयं ही, एकाला दाढेत काळं दिसतंय, तो घाबरतो आणि आत्ता फक्त तपासणी हवी आहे, एवढं स्पष्ट सांगा. नुसतं "चेकअपला यायचंय" म्हटलं तर एका मुलाची वेळ धरली जाते आणि पुढचं सगळं घाईत होतं. भावंडांना एकाच खोलीत बसू देतात का आणि आई किंवा बाबांना आत येता येतं का, हेही विचारून घ्या. काही ठिकाणी पालकांना बाहेर थांबवतात. मोठ्या मुलांच्या बाबतीत ते चालतं. तीन वर्षांच्या आतलं मूल आईवडिलांशिवाय आत पाठवू नये, असं माझं ठाम मत आहे.

वेळ सकाळची घ्या. लहान मुलांचा धीर सकाळी शाबूत असतो, संध्याकाळपर्यंत तो संपतो. मात्र सकाळच्या हट्टापायी धाकट्याच्या झोपेवर गदा येऊ देऊ नका. घरातल्या सगळ्यात लहान मुलाच्या झोपेची वेळ आधी बघायची आणि तिच्या पुढेमागे तपासणीची वेळ बसवायची. मुलं खाऊन आलेली असावीत, पण अगदी दाराशी येईपर्यंत खात नकोत. भरल्या पोटी आडवं केलेलं आणि रडणारं मूल ओकतं, आणि मग सगळ्यांचाच जीव वरखाली होतो.

शक्य असेल तर दुसरं मोठं माणूस सोबत घ्या. आजी, काका, मावशी, शेजारीण, कुणीही चालेल. त्या माणसाचं काम एकच: खोलीत ज्याची पाळी नाही त्याला सांभाळणं. तुम्ही खुर्चीतल्या मुलाचे. एकट्यानंच जायची वेळ आली तर फोनवर तेही सांगा, बाळाला कुणी धरू शकेल का ते विचारा आणि ढकलगाडी किंवा झोळी न्या, म्हणजे हात मोकळे राहतील.

एका कागदावर प्रत्येक मुलाबद्दल चार ओळी लिहून न्या: वजन, चालू औषधं, कशाची ॲलर्जी, हृदयाचा आजार, दमा, फिट किंवा रक्त लवकर न थांबण्याची तक्रार. तीन मुलांच्या गलक्यात तोंडी सांगताना एकाचा दमा दुसऱ्याच्या नावावर लिहिला जाणं अगदी सहज होतं. वजन मुद्दाम लिहायला सांगतेय, कारण भूल देताना औषधाचं प्रमाण वयावर नव्हे तर वजनावर ठरतं. गोड सिरप बराच काळ चालू असेल तर तेही लिहा. रात्री झोपताना दिलेलं साखरेचं औषध दातांवर तसंच राहतं.

घरी काय सांगायचं, यावर मुलांचं वागणं निम्मं ठरतं. आठवडाभर आधीपासून बोलत बसू नका. सातव्या वर्षी मुलांना दोन दिवस आधी कळलेलं बरं असतं, कारण त्यांना प्रश्न विचारायचे असतात. साडेचार वर्षांच्या मुलाला आदल्या संध्याकाळी किंवा त्याच दिवशी सकाळी सांगणं पुरेसं आहे. सांगायचं एवढंच: "उद्या डॉक्टर तुमचे दात मोजणार आहेत. छोटा आरसा घेऊन बघतील, खुर्ची वर-खाली होईल, मग आपण घरी येऊ."

"अजिबात दुखणार नाही" हे वाक्य तोंडातून काढू नका. मुलाच्या मनात दुखण्याचा विचार नसेल तर तो तिथेच रुजतो, आणि पुढे कधी थोडं जरी दुखलं तर तुमचा शब्द खोटा ठरतो. सुई, ड्रिल, दात काढणं हे शब्द तपासणीच्या आधी घरात नकोत. मुलानं स्वतःहून विचारलंच, "सुई देतील?" तर "उद्या फक्त बघणार आहेत. पुढे काही करायचं झालं तर ते आधी तुला सांगतील," असं खरं उत्तर द्या. "नीट घासलं नाहीस तर डॉक्टर दात उपटतील" ही धमकी घरात कुणीही देत असेल तर ती आजच बंद करा. अशा धमक्यांचा धसका घेऊन आलेली मुलं मला दारातूनच ओळखू येतात. ती माझ्या चेहऱ्याकडे न बघता हातांकडे बघत असतात.

आणखी एक गोष्ट थोरलीच्या बाबतीत. तिनं शाळेत कुणाकुणाच्या दाढ काढल्याच्या कहाण्या ऐकलेल्या असतील, आणि धाकट्या भावंडांना घाबरवण्यात मुलांना गंमत वाटते. तिला बाजूला घेऊन विश्वासात घ्या. "तू मोठी आहेस म्हणून" असं ओझं टाकू नका. "त्याला भीती वाटतेय, आपण दोघी मिळून त्याला मदत करूया का?" असं विचारा. सात वर्षांची मुलगी ही जबाबदारी मनापासून निभावते.

घरी थोडा सरावही करा. मुलाला सोफ्यावर आडवं करून डोकं तुमच्या मांडीवर घ्या आणि बोट लावून दात मोजा. दुधाचे दात पूर्ण आले की वीस होतात: दहा वर, दहा खाली. मधल्याचे वीस भरतील, धाकट्याचे भरणार नाहीत आणि थोरलीच्या तोंडात दुधाचे आणि कायमचे मिसळलेले सापडतील. या खेळातून मुलं डोकं मागे टाकून तोंड उघडायला शिकतात, आणि खुर्चीवर त्यांना सगळ्यात अवघड तेच जातं.

आता तुमचा मुख्य प्रश्न: आधी कुणाला बसवायचं?

थोरल्याला आधी, असा सरसकट नियम नाही. जे मूल सगळ्यात शांत असतं ते आधी. बहुतेक वेळा ते थोरलंच असतं, पण प्रत्येक घरात तसं नसतं. भावंडांपैकी पहिलं जर खुर्चीवर रडलं तर पाठचं प्रत्येक जण ते रडणं बघून शिकतं, आणि पहिलं मूल निवांत बसलं तर तेही तसंच झिरपतं. मुलं आपल्या बोलण्यापेक्षा बघण्यातून किती तरी जास्त शिकतात. म्हणून घाबरणाऱ्या मुलाला कधीच पहिलं बसवू नये. शेवटचंही नको, कारण वाट बघता बघता भीती वाढत जाते. त्याला मधे ठेवा. तुमच्याकडे थोरली, मग मधला, मग धाकटा हा क्रम चांगला जमेल. फक्त धाकटा रडायला टेकला असेल तर त्याला मधेच उरकून घ्यायची तयारी ठेवा. क्रम आपल्यासाठी असतो; बाळाला भूक लागली की तो बदलायचा.

ही पहिली पाळी कशी जावी, ते जरा जवळून सांगते. थोरली खुर्चीत झोपली की मधल्याला मी तिच्या पायांच्या बाजूला उभं करते. डोक्याच्या बाजूला उभं केलं तर त्याला दिवा, हत्यारं आणि उघडं तोंड एवढंच दिसतं. पायांकडून बहिणीचा चेहरा आणि तिचे सैल पडलेले हात दिसतात. मग लाळ ओढणारी नळी मी आधी त्याच्या तळहातावर धरते. तळव्यावर दोन थेंब पाणी टाकायचं आणि नळीनं ते सुर्रकन ओढून घ्यायचं. तो हात मागे घेतो, परत पुढे करतो, "आणखी एकदा" म्हणतो. मग तीच नळी बहिणीच्या तोंडात जाते आणि तसाच आवाज येतो. आता तो आवाज त्याच्या ओळखीचा झालेला असतो. नंतर तो आरसा धरून ठेवायला मागतो, बहिणीचे दात मोजायला लागतो, आणि त्याची पाळी कधी सुरू झाली हे पुष्कळदा त्याला कळतही नाही. आधी सांगायचं, मग दाखवायचं, मग करायचं, ही पद्धत ॲडल्स्टन या दंतवैद्यांनी १९५९ मध्ये मांडली, आणि आजही मुलांच्या दंतवैद्यकात पहिला धडा तोच असतो. तुमचे डॉक्टर असं करत असतील तर मधे बोलू नका. त्या वेळी मुलाला एकच आवाज ऐकू यायला हवा. आई एकीकडून "उघड ना रे तोंड", बाबा दुसरीकडून "काही होत नाही" आणि डॉक्टर तिसरंच काही सांगतायत, यात मूल गोंधळून तोंड मिटून घेतं.

आणि तुलना करू नका. "बघ, ताई कशी शहाण्यासारखी बसली!" हे वाक्य कितीही प्रेमानं म्हटलं तरी मधल्याला त्यातून एवढंच ऐकू येतं की आपण वाईट आहोत. थोरलीचं कौतुक करायचं तर तिनं काय केलं ते सांगा: "तोंड छान मोठं उघडलंस, त्यामुळे मागच्या दाढा दिसल्या." मधलाही ते ऐकतो आणि नेमकं काय करायचं ते त्याला कळतं.

मधल्यानं या वेळी फक्त खुर्चीवर बसून दात मोजून दिले आणि बाकी काही करू दिलं नाही, तरी ती भेट वाया गेली असं समजू नका. दाढ दुखत नसेल, सूज नसेल तर एका आठवड्यानं काही बिघडत नाही. एवढं मात्र बघा की शेवट त्यानं केलेल्या एखाद्या गोष्टीवर व्हावा, पळून जाण्यावर नको. रडत असतानाच उचलून बाहेर नेलं तर रडलं की सुटका होते, हा धडा तो घेतो. म्हणून "एक ते पाच मोजेपर्यंत तोंड उघड, मग उठायचं" असं ठरवायचं, खरंच पाच मोजायचे आणि पाच झाले की खरंच उठवायचं.

दीड वर्षाच्या बाळाला खुर्चीची गरजच नसते. त्याची तपासणी गुडघ्याला गुडघा लावून करतात. तुम्ही आणि डॉक्टर समोरासमोर बसता, गुडघे एकमेकांना टेकलेले. बाळ तुमच्याकडे तोंड करून तुमच्या मांडीवर, त्याचे पाय तुमच्या कमरेच्या दोन्ही बाजूंना. मग त्याला हळूच मागे झोपवायचं, म्हणजे डोकं डॉक्टरांच्या मांडीवर येतं आणि डोळे तुमच्याकडेच राहतात. हात तुम्ही धरायचे, पाय तुमच्या कोपरांखाली अलगद दाबायचे. बाळ बहुधा रडेल. रडू द्या. या वयात अनोळखी माणसानं तोंडात बोट घातल्यावर रडणं अगदी स्वाभाविक आहे, आणि रडताना तोंड पूर्ण उघडतं, सगळं नीट दिसतं. दोन-तीन मिनिटांत काम होतं आणि बाळ परत तुमच्या कुशीत. भावंडांना मात्र आधीच सांगून ठेवा, की बाळ रडेल कारण त्याला बोलून सांगता येत नाही. नाहीतर मधला त्या रडण्याचा वेगळाच अर्थ लावतो.

त्या वेळी डॉक्टर बाळाचा वरचा ओठ उचलून समोरचे दात बघतील. हे तुम्हालाही शिकवायला सांगा. हिरडीलगत दातावर खडूसारखी पांढरी रेघ दिसली तर ती किडीची पहिली खूण असते. त्या टप्प्यावर दात अजून वाचवता येतो. तीच रेघ पिवळी-तपकिरी होऊन खड्डा पडला की गाडी पुढे गेलेली असते. रात्री दुधाची किंवा कसल्याही गोड पेयाची बाटली तोंडात ठेवून झोपणाऱ्या बाळांत ही खूण वरच्या पटाशीच्या दातांवर आधी दिसते. महिन्यातून एकदा ओठ उचलून बघणं घरी सहज जमतं.

मधल्याच्या दाढेकडे येऊ. "दुधाचीच दाढ आहे, पडणारच आहे, कशाला भरायची?" हा प्रश्न मनात असेलच. समोरचे दुधाचे दात सहा-सात वर्षांपासून पडायला लागतात. दुधाच्या दाढा मात्र दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात. साडेचार वर्षांच्या मुलाला ती दाढ अजून पाच-सहा वर्षं, कदाचित जास्तच, वापरायची आहे. ती वेळेआधी काढावी लागली तर शेजारचे दात त्या जागेत सरकतात आणि खालून येणाऱ्या कायमच्या दाताला वाट राहत नाही. किड आत दाताच्या नसेला भिडली तर रात्री-अपरात्री ठणका, पू, सूज, ताप. रात्री दुखतं म्हणून मूल झोपत नाही, एका बाजूनं चावत नाही, आणि पुष्कळ लहान मुलं "दुखतं" असं सांगतही नाहीत. त्यांना ते तसंच असतं असं वाटतं.

डाग म्हणजे लगेच ड्रिल, असंही नाही. नुसता रंग असेल तर लक्ष ठेवणं पुरतं. सुरुवातीची किड असेल तर फ्लोराइडचं वार्निश लावतात. ब्रशनं लावायचं, मिनिटभराचं काम. काही किडींवर सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड नावाचं औषध लावून किड थांबवता येते. सुई लागत नाही, कोरावं लागत नाही. फक्त किडलेला भाग कायमचा काळा पडतो, हे आधी समजून घ्या, कारण समोरच्या दातावर ते पालकांना खटकतं. दाढेवर स्टीलची तयार टोपी बसवायचा एक मार्ग आहे, ज्यात किड न कोरता, भूल न देता टोपी दाढेवर दाबून बसवतात आणि किड आत बंद करतात. स्कॉटलंडच्या डॉ. नॉर्ना हॉल ही पद्धत वापरत, म्हणून ती त्यांच्याच नावानं ओळखली जाते. टोपी बसल्यावर थोडे दिवस चावताना उंच लागतं, मग ते आपोआप जुळतं. प्रत्येक दाढेला हे चालत नाही. किड नसेला भिडली असेल तर वेगळा उपचार लागतो. पण तुमच्या मुलासाठी यातलं काय शक्य आहे, हे विचारणं तुमचा हक्क आहे. लहान मुलांच्या दाढा एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असल्या तर मधल्या फटीतली किड वरून दिसत नाही, म्हणून छोटा एक्स-रे सांगितला तर घाबरू नका. त्यातले किरण फार थोडे असतात.

थोरलीकडे कुणाचं लक्ष नसतं, म्हणून तिच्याबद्दल मुद्दाम लिहिते. साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे पहिली कायमची दाढ येते. तिच्यासाठी कुठलाही दात पडत नाही, त्यामुळे ती आल्याचं घरात कळत नाही. दिसली तरी दुधाची समजली जाते. ही दाढ जन्मभराची. तिच्या वरच्या बाजूला खोल चिरा असतात आणि वर येत असताना ती बाकीच्या दाढांपेक्षा खाली राहते, म्हणून ब्रश तिच्यापर्यंत पोचत नाही. या चिरा सीलंटनं, म्हणजे वरून लावायच्या पातळ लेपानं, बंद करता येतात. दुखत नाही, भूल लागत नाही. तपासणीत "सहाव्या वर्षाची दाढ आली का, सीलंट लावायचं का" एवढं विचाराच.

आता उपचाराची भेट, जिथे एकच मूल न्यायचं. त्या दिवशी मधल्याला तुम्ही पूर्णपणे हवे असता. तुमचा हात, तुमची नजर, तुमचा आवाज. धाकटा मांडीवर चुळबुळ करत असेल तर यातलं काही त्याला मिळत नाही. उलट बाजूनंही बघा: बाहेर बसलेल्या थोरलीला आतून भावाचं रडणं ऐकू आलं तर तपासणीत कमावलेला तिचा निवांतपणा तिथेच जातो. दोघांनाही उपचार लागणार असतील तर ज्याला दुखतंय त्याचा आधी. कुणालाच दुखत नसेल तर सोप्या उपचाराचा आधी, आणि एका मुलाच्या बाबतीतही सोप्या दाढेपासून सुरुवात. पहिली भेट वार्निश किंवा सीलंटची झाली तर दुसरी सुईची भेट बरीच सोपी जाते.

भूल दिली असेल तर ओठ आणि गाल दोन-तीन तास बधिर राहतात. मुलांना ती गंमत वाटते आणि ती ओठ चावत बसतात. संध्याकाळी ओठ सुजून टरारतो आणि पालकांना वाटतं दवाखान्यात काही बिघडलं. बधिरपणा जाईपर्यंत चावायचं काही देऊ नका आणि मुलावर नजर ठेवा. बाकीची दोघं घरी असतील तर त्यांनाही सांगा, की त्याच्या ओठाला चिमटे काढून बघायचे नाहीत. हे सांगावं लागतं!

काही मुलांना, विशेषतः पुष्कळ दाढा किडल्या असतील तर, पूर्ण भूल देऊन एकाच वेळी सगळे उपचार करायचा सल्ला मिळतो. तेव्हा उपाशी राहण्याच्या सूचना अक्षरशः पाळायच्या: साधारणपणे घन अन्न आणि दूध सहा तास आधी बंद, आईचं दूध चार तास, साधं पाणी दोन तास. तुमच्या भूलतज्ज्ञांनी वेगळं सांगितलं तर तेच खरं. भावंडांच्या घरात इथे खरा धोका असतो. सकाळी बहीण प्रेमानं आपल्या हातातला बिस्किटाचा तुकडा भावाला भरवते, तो कुणाला दिसत नाही आणि भुलेत ते पोटातलं वर येऊन श्वासनलिकेत जाऊ शकतं. त्या सकाळी बाकीच्या मुलांना दुसऱ्या घरी ठेवा किंवा सगळ्यांचंच खाणं मुलगा निघून जाईपर्यंत थांबवा.

स्वमग्न (ऑटिझम) असलेलं किंवा आवाज-स्पर्श सहन न होणारं मूल भावंडांत असेल तर एकत्र तपासणीचा नियम त्याच्यासाठी सोडून द्या. त्याला वेगळी, गर्दी नसलेली वेळ घ्या. आधी नुसतं दवाखाना बघून यायला मिळालं तर आणखी चांगलं.

घरी तीन मुलांचे दात घासणं हे रोजचं काम आहे आणि त्याची शिस्त दवाखान्यातल्या खेपेपेक्षा महत्त्वाची. प्रत्येकाचा ब्रश वेगळा. पेस्ट मोठ्या माणसानंच काढायची: तीन वर्षांखालच्या बाळाला तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी, फ्लोराइड असलेली. घासून झाल्यावर थुंकायचं, खळखळून चूळ भरायची नाही, म्हणजे फ्लोराइड दातांवर राहतं. सात-आठ वर्षांपर्यंत मुलांच्या हाताला ते वळण नसतं, तेव्हा तुमची थोरलीही अजून "माझं मी करते" म्हणाली तरी शेवटचा हात तुमचा हवा. रात्रीचं घासणं कधीच चुकवू नका. सकाळी गडबडीत राहिलं तर एकवेळ चालेल. गोड किती खाल्लं यापेक्षा दिवसातून किती वेळा खाल्लं हे दातांना जास्त जाचतं, आणि तीन मुलांच्या घरात एकाला दिलं की तिघांना द्यावं लागतं, म्हणून गोडाची वेळ जेवणासोबतच ठेवा.

शेवटी, ज्या वेळी यातलं काहीच पाळायचं नाही ते सांगते. मधल्याच्या गालावर किंवा जबड्याखाली सूज आली, ताप आला, गिळायला किंवा तोंड उघडायला त्रास होऊ लागला, तर तपासणीची ठरलेली तारीख बघत बसू नका, त्याच दिवशी त्याला घेऊन जा. सूज डोळ्यापर्यंत चढली किंवा श्वास जड झाला तर सरळ रुग्णालयात. आणि थोरली खेळताना पडून तिचा कायमचा समोरचा दात मुळासकट बाहेर आला, तर तो वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचला, मुळाला हात लावू नका, माती लागली असेल तर पाण्याखाली क्षणभर धुवा, घासू नका. जमलं तर लगेच त्याच खाचेत बसवा आणि रुमाल चावायला द्या. नाही जमलं तर थंड दुधात ठेवा आणि अर्ध्या तासाच्या आत दवाखाना गाठायचा प्रयत्न करा. दुधाचा दात असेल तर परत बसवू नका, खालच्या कायमच्या दाताला इजा होते. त्या धावपळीत धाकट्या दोघांना सोबत न्यायचंच नाही. शेजारच्या कुणाकडे सोडायचं, त्यांचा फोन नंबर कुठे लिहिलेला आहे, एवढं आजच ठरवून फ्रिजवर चिकटवून ठेवा.